दक्षिणा, जीओआय आणि ठाकुरवाडीचं शेवळं

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकर आदिवासींच्या ठाकुरवाडी नावाच्या वस्त्या जागोजाग आहेत. माथेरानच्या पायथ्याशी आहेत, भीमाशंकरच्या उतरणीला आहेत, आणि १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गावर पळसदरी, जांब्रुंगच्या पुढे ठाकुरवाडी नावाचं ठाणंच आहे. मी माथेरानच्या पायथ्याच्या अशाच एका वाडीतली. वनस्पतिशास्त्रात बीएस्सी, एमएस्सी केलं, आयुष्यभर तोच विषय शिकवला, आणि नोकरीतली बरीच वर्षं कॉलेजातल्या शिष्यवृत्ती समितीचं काम माझ्याकडे होतं. फॉर्म भरणारी मुलगी म्हणून आणि तोच फॉर्म तपासून सही करणारी बाई म्हणून, अशा दोन्ही बाजूंनी हा विषय मी पाहिला आहे.

आमच्या मुलांना शिष्यवृत्ती म्हणजे सरकारने केलेला उपकार वाटतो. खिडकीसमोर ती मान खाली घालून उभी राहतात. त्यांनी मान वर करावी म्हणून हा इतिहास सांगते आहे. शिकणाऱ्याच्या हातात सार्वजनिक पैसा द्यायचा की नाही, यावर महाराष्ट्रात फारसं दुमत कधीच नव्हतं. भांडण होतं ते कुणाला द्यायचा यावर, आणि ते जुनं आहे.

बोरघाट चढून वर गेलं की तळेगाव लागतं. तिथले सेनापती खंडेराव दाभाडे यांनी विद्वान ब्राह्मणांना श्रावणात दक्षिणा वाटायची प्रथा पाडली. १७३१ साली डभोईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि पुढे ही दक्षिणा पेशव्यांनी पुण्यात चालवली. उत्तर पेशवाईत दर श्रावणात हजारोंनी माणसं पर्वतीच्या रमण्यात जमत. १८१८ नंतर इंग्रजांनी तिला कात्री लावली, पण ती बंद केली नाही. १८२१ साली विश्रामबागवाड्यात निघालेली संस्कृत पाठशाळा याच पैशावर उभी राहिली. १८५१ पासून दक्षिणा प्राइज कमिटी मराठी पुस्तकांना बक्षिसं देऊ लागली. पुढे कॉलेजांतल्या हुशार विद्यार्थ्यांना याच निधीतून 'दक्षिणा फेलो' म्हणून वेतन मिळू लागलं. न्यायमूर्ती रानडे एल्फिन्स्टन कॉलेजात असे फेलो होते. दानधर्माचा पैसा अशा रीतीने अभ्यासाचं वेतन झाला, ही मोठी गोष्ट झाली. मात्र ते वेतन घेणारी घरं फारशी बदलली नाहीत.

हे पहिल्यांदा स्पष्ट बोलले जोतीराव फुले. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिलं. त्यात शिष्यवृत्त्यांवर मोजकीच वाक्यं आहेत, पण मला ती सगळ्यांत मोलाची वाटतात. त्यांचं म्हणणं असं, की चढाओढीने शिष्यवृत्ती देणं वरवर न्यायाचं दिसतं, पण त्याने इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. तेव्हा ज्यांच्यात शिक्षण पोचलेलंच नाही अशांसाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवाव्यात. पुढच्या सगळ्या योजनांचं मूळ या दोन वाक्यांत आहे. एक धारा चढाओढीची, एक गरजेची. मी या दोन्ही धारा वाहताना पाहिल्या. त्यांचा संगम मात्र आमच्या तालुक्यात मला कधी दिसला नाही.

चढाओढीच्या धारेने आपल्याला मोठी माणसं दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. सर मंगळदास नथुभाईंनी मुंबई विद्यापीठाला परदेशी शिक्षणासाठी देणगी दिली होती. त्यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीवर १९३७ साली कमला भागवत केंब्रिजला गेल्या. दुर्गाबाई भागवतांच्या या बहिणीला बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत मुलगी म्हणून प्रवेश नाकारला गेला होता आणि तो त्यांनी सत्याग्रहाच्या निश्चयाने मिळवला होता. केंब्रिजला त्यांनी वनस्पतींच्या पेशींतलं सायटोक्रोम सी शोधलं आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळवली. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या. मुंबईत परतल्यावर त्यांनी नीरेवर काम केलं आणि कुपोषित आदिवासी मुलांच्या व गरोदर बायांच्या आहारात नीरेचा उपयोग होतो हे दाखवलं. त्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. एका गुजराती शेटजींच्या देणगीतून गेलेली मुलगी शेवटी आदिवासींच्या ताटापर्यंत येऊन पोचली. शिष्यवृत्तीचा पैसा वाया जात नाही, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

दुसरं नाव मालवणचे वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचं. एल्फिन्स्टनमध्ये शिकवत असताना ते सुट्टीत सह्याद्री पालथा घालत. त्या भटकंतीत, १९११च्या सुमारास, सातारा भागातल्या नद्यांत त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. तोवर त्या वंशातला जेलीफिश आफ्रिकेतलाच मानत. या शोधाने कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचं लक्ष त्यांच्याकडे गेलं, पुढे कलकत्ता विद्यापीठातलं घोष अध्यासन आणि जर्मनीतलं शिक्षण मिळालं. १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली ती त्यांच्याच पुढाकाराने. आज तीच आघारकर संशोधन संस्था. आधी रानावनात केलेलं काम आणि मग त्याच्या मागे आलेला पैसा, हा क्रम लक्षात ठेवावा. जीवशास्त्रात पहिलं काम बहुधा पदरमोड करूनच होतं, आणि ज्याच्या पदरातच काही नाही त्याचं ते होत नाही.

त्याच काळात आमच्या डोंगरावर काय चाललं होतं? १८५० साली ह्यू मॅलेटने माथेरान शोधलं असं पुस्तकं सांगतात. ठाकर आणि कातकरी तिथे आधीपासून वावरत होतेच. १८७१ साली जे. वाय. स्मिथचं माथेरानची माणसं, झाडं आणि प्राणी यांवरचं पुस्तक निघालं. १८८०च्या दशकात न्यायाधीश बर्डवुड यांनी माथेरान-महाबळेश्वरच्या वनस्पतींची यादी छापली. १९१९ साली कर्जतला भात संशोधन केंद्र सुरू झालं. आज ते कोकण कृषी विद्यापीठाचं आहे आणि 'कर्जत' नावाची भाताची वाणं सगळ्या कोकणात पिकतात. १९६० साली ल. ना. चापेकरांचा सह्याद्रीतल्या ठाकरांवरचा इंग्रजी ग्रंथ आला. एवढं संशोधन आमच्या अंगणात झालं. त्यात आमची माणसं होती ती वाटाड्या, मजूर, किंवा माहिती सांगणारी म्हणून. कुठलं झाड कुठे आहे, कधी फुलतं, कशावर चालतं, हे त्यांनी सांगितलं. वहीत उतरवलं दुसऱ्यांनी. लिहिणाऱ्यांनी कष्ट केले नाहीत असं मी म्हणत नाही. त्यांच्या याद्या मी स्वतः वापरल्या आहेत. पण सांगणारा लिहिणारा व्हायचा तर मधे शाळा लागते, आणि शाळेला पैसा लागतो.

ज्यांनी शाळा आणल्या त्यांत पहिलं नाव भाई कोतवालांचं घ्यायला हवं. माथेरानच्या नाभिक घरातले हे वकील. त्यांनी कर्जत तालुक्यात गावोगाव शाळा काढल्या आणि सावकाराच्या दारात जायला लागू नये म्हणून धान्यकोठ्या सुरू केल्या. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसोबत ते हुतात्मा झाले. आमच्याकडे त्यांना स्वातंत्र्यलढ्यातल्या आझाद दस्त्याचे पुढारी म्हणून मान आहे. शाळा आणि धान्यकोठी एकाच माणसाला एकाच वेळी सुचावी, यातलं शहाणपणही तितकंच मोठं आहे. घरात पावसाळ्यापुरतं भात नसेल तर पोर शाळेत बसत नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

गरजेच्या धारेला कायमचं पात्र मिळालं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांमुळे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली म्हणून ते कोलंबियाला जाऊ शकले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी पैशांचा आग्रह धरला आणि १९४४ साली भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४८ पासून ती आदिवासी विद्यार्थ्यांनाही मिळू लागली. कॉलेजच्या ऑफिसात हिलाच 'जीओआय' म्हणतात. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या काळात आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची ईबीसी फी-सवलत आली आणि सगळ्याच जातींच्या गरीब घरांतली मुलं कॉलेजात दिसू लागली. १९७२ नंतर आश्रमशाळा वाढल्या. मी त्यांतल्याच एका शाळेतून पुढे गेले.

जीओआयचा फॉर्म भरताना कसं वाटतं, ते ज्याने भरला त्यालाच कळतं. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, बोनाफाईड, हमीपत्र. तलाठ्यापासून तहसीलपर्यंत एकेका सहीला एकेका दिवसाची मजुरी बुडते. ठाकरांच्या जातीच्या दाखल्याची गोष्ट तर वेगळीच आहे. १९५६च्या यादीत आमची जमात ठरावीक तालुक्यांपुरती अनुसूचित होती. त्यांत कर्जत, खालापूर होते. १९७६च्या कायद्याने तालुक्यांची अट गेली आणि राज्यभरातून ठाकूर आडनावाच्या बिगरआदिवासींचेही दावे येऊ लागले. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील खटल्यात पडताळणीची पद्धत घालून दिली आणि नंतर राज्याने तसा कायदाही केला. खोट्या दाखल्यांना आळा घालणं गरजेचं होतं, आमच्याच मुलांच्या जागा वाचाव्यात म्हणून. पण या पडताळणीसाठी, म्हणजे व्हॅलिडिटीसाठी, आजोबांच्या शाळेचा दाखला मागतात. माझे आजोबा शाळेतच गेले नव्हते. जी घरं सगळ्यांत मागे राहिली त्यांच्याकडेच कागद सगळ्यांत कमी, ही गाठ अजून सुटलेली नाही.

मला शिष्यवृत्ती मिळाली ती वार्षिक परीक्षा होऊन गेल्यावर. तोवर वडील लाकडाचे भारे विकून एसटीचे पैसे देत होते. नंतरच्या काळात मी सही करत असलेल्या फॉर्मांचे पैसेही पुष्कळदा उन्हाळ्यातच यायचे. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलमुळे आता रक्कम थेट खात्यात येते, मधले हात कमी झाले, हे चांगलं झालं. पण फी भरून झाली आणि वसतिगृहाचं भागलं, की जीओआयचं काम संपतं. ती मुलीला वर्गात नेऊन बसवते. प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीपर्यंत, संशोधनापर्यंत नेणं हा तिचा हेतूच नाही.

तो हेतू चढाओढीच्या धारेचा. १९६३ साली दिल्लीत दहा विद्यार्थ्यांपासून राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी ३५० शिष्यवृत्त्यांसह देशभर गेला. लेखी परीक्षा, निबंध, स्वतः केलेला प्रकल्प आणि मुलाखत अशी त्याची रीत होती. १९७६ नंतर त्याची व्याप्ती इतर विषयांपर्यंत वाढली. १९९५ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीने उन्हाळी संशोधन फेलोशिप सुरू केली. निवडलेला विद्यार्थी दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतो. १९९९ साली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना आली. तिच्यात पदवीच्या मुलांना महिना पाच हजार आणि वर्षाला वीस हजार रुपये वेगळे मिळत. २००४ साली मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राने पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाची गोडी लावणारा एनआययूएस हा उपक्रम सुरू केला. २००६ पासून राज्यातल्या विद्यापीठांची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा भरते. २००८ साली केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती आली. बोर्डाच्या पहिल्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान घेणाऱ्यांना वर्षाला ऐंशी हजार रुपये, त्यांतले वीस हजार खास उन्हाळी प्रकल्पासाठी. जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना त्याच सुमाराची. २०२२ साली किशोर वैज्ञानिक योजना इन्स्पायरमध्ये विलीन झाली.

या योजना उत्तम आहेत. त्यांतून गेलेली मुलं आज देशात आणि बाहेर मोलाचं काम करत आहेत. पण जोतीरावांनी १८८२ साली ठेवलेलं बोट याच ठिकाणी पुन्हा ठेवावं लागतं. किशोर वैज्ञानिकची परीक्षा इंग्रजी-हिंदीत होती. पहिला एक टक्का ठरतो तो बारावीच्या गुणांवर, आणि आश्रमशाळेत बारावीला जीवशास्त्राची जागा रिकामी असेल तर तो टक्का कुठून गाठायचा? उन्हाळी फेलोशिपला इंग्रजीत लिहिलेलं टिपण आणि शिक्षकांची शिफारस लागते. शिवाय ती नेमकी मे ते जुलै या काळात असते. तेव्हाच आमच्याकडे भाताचा राब भाजून होतो, पेरणी होते, आवणी म्हणजे लावणी लागते. वर्षाच्या वह्या-पुस्तकांचा पैसा मुलं त्याच मजुरीतून काढतात. दोन महिने पुण्याला किंवा बंगळुरूला जायचं तर ती मजुरी कोण भरून देणार?

जीवशास्त्राची आणखी एक अडचण आहे. रसायनशास्त्राचा प्रयोग डिसेंबरात केला तरी चालतो. आमचा विषय ऋतूने बांधलेला. शेवळ्याचंच पाहा. पहिल्या सरी पडल्या की जमिनीतल्या कंदातून जांभळट तपकिरी दांडा वर येतो, तो फुलोरा. पान नंतर येतं. जूनच्या सुरुवातीला दोनतीन आठवडे ठाकर आणि कातकरी बाया नेरळ, कर्जत स्टेशनाबाहेर शेवळ्याच्या जुड्या घेऊन बसतात. सुरणाच्या कुळातली ही वनस्पती, शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. नीट न शिजवता खाल्ली तर घसा धरते. म्हणून ती काकड नावाच्या आंबट फळांबरोबर शिजवायची. आजी सांगायची, "काकड घाल, नायतं घसा खवखवंल." शेवळ्याच्या जुडीबरोबर मूठभर काकडं ठेवलेली असतात ती याचसाठी.

आता यात पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला करण्यासारखे किती प्रश्न आहेत ते मोजा. काकडातल्या आंबटपणाने ते स्फटिक विरघळतात, की खाज दुसऱ्याच कशाने कमी होते? चिंच किंवा आमसुलाने तोच परिणाम होतो का? फुलोराच खुडला तर बी धरत नाही. मग वर्षानुवर्षं खुडलेल्या माळावर कंद कमी झाले आहेत का? हे तपासायला कॉलेजातला साधा सूक्ष्मदर्शक, थोडी रसायनं, उकळायची भांडी, मोजपट्टी, एक वही आणि वाडीवस्तीवर फिरायचा खर्च पुरतो. इन्स्पायरमध्ये एका उन्हाळी प्रकल्पासाठी ठेवलेल्या वीस हजारांत हे सगळं बसतं आणि मुलीच्या बुडालेल्या मजुरीलाही हातभार लागतो. शिवाय बाहेरून आलेल्या संशोधकाला जे विचारून घ्यावं लागतं, ते तिला घरात माहीत असतं. कुठल्या माळावर शेवळं आधी येतं, कोणती जागा दोन वर्षं राखायची, हे तिला कुणी सांगायला नको. अडचण एकच: शेवळं जूनमध्ये येतं आणि शिष्यवृत्ती त्यानंतर.

हा प्रश्न आता नव्याने तातडीचा झाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची पदवी आली. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं. म्हणजे संशोधन आता पदवीतच आलं. ज्या घराला तीन वर्षं शिकवणं जड जातं, तिथली मुलगी चौथं वर्ष संशोधनात कशी घालवेल? आदिवासी विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय फेलोशिप आहे, पण ती पीएचडीच्या टप्प्यावर. तिथपर्यंत पोचायच्या आधीच बहुतेक मुली गळतात. माझ्या वर्गातल्या वनस्पतिशास्त्रात सर्वांत तयार असलेल्या मुली अशाच गेल्या, आणि त्या हुशारीत कमी नव्हत्या.

म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे. जीओआय असो वा शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती, गरजेवर मिळणाऱ्या शिष्यवृत्तीला जोडूनच जीवशास्त्राच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी एक छोटा संशोधन निधी असावा. निवड बारावीच्या गुणांवर नको, मुलीने मराठीत लिहिलेल्या एका पानाच्या प्रश्नावर व्हावी. काम स्वतःच्या तालुक्यात करायची मुभा असावी. कर्जतच्या भात केंद्रात, कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्समध्ये रानभाज्यांचं आणि जुन्या भातवाणांचं काम झालेलं आहे. मार्गदर्शनाला माणसं जवळच आहेत. ग्रामपंचायतींच्या जैवविविधता नोंदवह्या भरायच्या आहेतच. त्या आमच्या मुलींनी भराव्यात, त्यावर त्यांचं नाव असावं आणि त्याचा मोबदला त्यांना मिळावा.

सरकारने हे करेपर्यंत थांबायची गरज नाही. कर्जत-खालापुरात आज फार्महाउसं आहेत, कारखाने आहेत, माझ्यासारखे पेन्शन घेणारे शिक्षक आहेत. मंगळदास शेटजींएवढा पैसा कुणाकडे नसेल, पण एका मुलीच्या एका पावसाळ्याचा खर्च उचलणारे पुष्कळ आहेत. आपल्या जवळच्या कॉलेजात जा, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र विभागाच्या प्रमुखांना भेटा आणि एका विद्यार्थ्याचा निधी द्या. कॉलेजांना एवढंच सांगणं, की अर्ज फेब्रुवारीत मागवा आणि पैसे मे महिन्यातच मुलीच्या खात्यात जमा करा.